गडग्यावरच्या शेवाळाला एकदा विचारून तर बघा

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य सचिव आणि मंडळातले सगळे शास्त्रज्ञ,
गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ,
साळगाव, बार्देस.

विषय: हवेतल्या जड धातूंचा नकाशा, एका पंचायतीला एक पाकीट शेवाळ

सप्रेम नमस्कार,

आधीच सांगून टाकते, हे तक्रारीचं पत्र नाही. तक्रारी तुमच्याकडे पोत्याने येत असतील. मी डिचोली तालुक्यात एका हायर सेकंडरीत बॉटनी शिकवते, वीसेक वर्षं झाली, आणि मला तुमच्याकडे फक्त एक मागणं मागायचंय, शेवाळ गोळा करा. गोव्यातल्या प्रत्येक पंचायतीतून एक पाकीट. हसलात ना? हसा, आमच्या स्टाफरूममध्येपण सगळे हसले होते.

शेवाळ म्हणजे तळ्यातलं बुळबुळीत ते नव्हे हां, ते शैवाल, ते वेगळं. मी म्हणते ते मॉस, अकरावीच्या पुस्तकात फ्युनारिया म्हणून असतं ते, पहिले चार पाऊस पडले की चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मखमलीसारखं हिरवं चढतं ते. आपल्याकडे दोन्हीला शेवाळच म्हणतात आणि दोन्हीचा सारखाच तिटकारा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की घरोघरी ब्लीचिंग पावडर आणि खराटा घेऊन अंगण घासणं सुरू, कारण गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणताना कोणीतरी घसरणार आणि खुबा मोडून घेणार. माझी सासू दोन वर्षांमागे घसरलीच, त्यामुळे आमच्या घरात शेवाळाची बाजू घेणारी मी एकटी.

तर या शेवाळाला खरं मूळ नसतं. तंतू असतात, दगडाला धरून राहण्यापुरते, पण जमिनीतून पाणी ओढून वर चढवणारं मूळ नाही आणि आत त्यासाठी नळ्यापण नाहीत. पानं बहुतेक जातींत एका पेशीच्या जाडीची, वर मेणाचा थर जवळजवळ नाहीच. आंब्याच्या पानावर धूळ बसली तर एक सर आली की धुऊन जाते, याचं अंग मात्र उघडं, जे काही खायचं प्यायचं ते पावसातून, दवातून, वरून पडणाऱ्या धुळीतून, सगळं अंगानेच. त्यात पेशीभित्तिकेवर ऋण भाराच्या जागा असतात आणि त्या शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त यांचे आयन पकडून ठेवतात, घरातल्या वॉटर सॉफ्टनरमध्ये रेझिन असतं ना तसंच. मेलेलं शेवाळसुद्धा हे करतं. म्हणजे हवेतून काय काय खाली आलं त्याची उधारीची वही हे झाड लिहीतच बसलेलं असतं, त्याला वीज नको, फिल्टर नको, ऑपरेटर रजेवर गेला म्हणून बंद पडत नाही.

ही काय माझ्या डोक्यातली आयडिया नाही. स्वीडनमध्ये ल्युंड विद्यापीठातल्या रूलिंग आणि टायलर या दोघांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवाळातलं शिसं मोजायला घेतलं. तिकडे एक जात मिळते, हायलोकोमियम स्प्लेंडेन्स, तिला दर वर्षी जुन्याच्या पाठीवर एक नवी पायरी फुटते, अगदी जिन्यासारखी, पायऱ्या मोजल्या की हातात किती वर्षांचा माल आहे ते कळतं. हे वाचलं तेव्हा मला इतका हेवा वाटला की काय सांगू. नॉर्डिक देशांतून हे काम पसरत गेलं आणि १९९० पासून दर पाच वर्षांनी युरोपभर शेवाळाचं सर्वेक्षण होतं, संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाचा जो सीमापार हवा प्रदूषणाचा करार आहे त्याखाली. २००५ च्या फेरीत २८ देशांतून सुमारे ६००० जागांची पाकिटं आली. एवढी मशीनं कुठलं सरकार लावणार? आणि १९९० ते २०१० या वीस वर्षांत शेवाळातलं शिसं तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं, कॅडमियम साधारण निम्म्यावर आलं, हे त्या पाकिटांतूनच दिसलं. शिशाच्या घटीत मोठा वाटा पेट्रोलमधलं शिसं काढल्याचा. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं. त्या वेळी पणजीतल्या एखाद्या जुन्या भिंतीवरचं चिमूटभर शेवाळ कुणी कागदात बांधून, तारीख घालून ठेवलं असतं तर आज मी ते मागायला तुमच्या दारात बसले असते.

पण मला तुम्हाला सांगायचीय ती पोर्टलंडची गोष्ट. अमेरिकेत ऑरेगन राज्यात आहे ते पोर्टलंड. तिथल्या हवेत कॅडमियम आहे हे सरकारला माहीत होतं, येतं कुठून ते कळत नव्हतं, कारण कॅडमियम मोजणारी मशीनं शहरभर लावणं कुणालाच परवडत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या वनखात्याच्या संशोधकांनी शहरातल्या झाडांच्या खोडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने काढले. गंमत म्हणजे ते निघाले होते लाकडाच्या धुरातली रसायनं शोधायला, धातू आपले सोबत मोजून घेतले. नकाशा काढला तर कॅडमियमचे डाग उठले ते रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांच्या भोवती. लाल, पिवळा, नारिंगी रंग यायला काचेत कॅडमियम घालतात. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने बरोबर त्या जागी हवेची मशीनं लावली आणि आकडा आला, राज्याने ठरवलेल्या सुरक्षित पातळीच्या ४९ पट कॅडमियम, शिवाय आर्सेनिक १५९ पट. जवळच लहान मुलांचं पाळणाघर. फेब्रुवारी २०१६ मध्ये बातमी फुटली, कारखान्यांना ते धातू वापरणं थांबवावं लागलं आणि पुढे २०१८ मध्ये त्या राज्यात कारखान्यांच्या विषारी हवेसाठी वेगळे नियम आले.

यात शेवाळाने कुणाला शिक्षा केली नाही. शेवाळाने एवढंच सांगितलं की मशीन इथे लावा. मला तुमच्याकडून एवढंच हवंय.

आता आपल्याकडे बघा. २००९ चे जे राष्ट्रीय हवा मानक आहेत त्यात बारा गोष्टी आहेत, त्यातले धातू तीन, शिसं वर्षाला सरासरी ०.५ मायक्रोग्रॅम, आर्सेनिक ६ नॅनोग्रॅम, निकेल २० नॅनोग्रॅम, एका घनमीटरमागे. कॅडमियम नाही, पारा नाही, क्रोमियम नाही, मँगनीज नाही. म्हणजे पोर्टलंडमध्ये जे सापडलं ते आपल्याकडे असलं तरी त्याला यादीत जागाच नाही, विचारणार कोण? बाकी रोज बोर्डावर दिसतात ते पीएम १० आणि पीएम २.५, त्यात धूळ किती ते कळतं, धूळ कसली ते कळत नाही. डिचोलीतली खाणीची तांबडी धूळ, वास्कोतली बंदराकडची काळी धूळ आणि कळंगुटला ट्रॅफिकमध्ये टायर-ब्रेक झिजून उडते ती धूळ, तिघींचा पीएम १० एकच आला तरी छातीत जाणारा माल वेगळा आहे ना.

माझी मावशी वास्कोला राहते, तिसऱ्या मजल्यावर. तिच्याकडे बाल्कनीत एक ओलं फडकं कायम असतं. चहा घ्यायला बाहेर बसायचं तर आधी खुर्चीचा हात पुसायचा, ही तिची सवय चाळीस वर्षांची नाही हां, पूर्वी नुसतं बसता यायचं म्हणते. दुपारी दर्यावरचं वारं सुटलं की बंदराकडून गावाकडे येतं. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर बोट काळं. तिथे २०१७ च्या एप्रिलमध्ये कोळसा उतरवणाऱ्या बंदराच्या विस्ताराच्या जनसुनावण्या झाल्या तेव्हा लोक तासनतास बोलले, कोळशावर बोलले, मुलांच्या दम्यावर बोलले, आणि प्रत्येकाकडे पुरावा म्हणून काय होतं, तर असलंच काळं बोट. बोटावरून प्रयोगशाळेचा रिपोर्ट निघत नाही. पण मावशीच्या बिल्डिंगच्या मागच्या कंपाउंडवर पाण्याची टाकी गळते तिथे शेवाळ आहे, मी बघून आलेय. त्यात आर्सेनिक आणि पारा किती वाढलाय ते कोळशाबद्दल बोलेल, व्हॅनेडियम आणि निकेल वाढलं असेल तर ते जहाजांच्या जड इंधनाबद्दल, कारण ही दोघं त्या तेलातून जोडीने येतात. कुणाचा वाटा किती याचं भांडण निदान काहीतरी हातात घेऊन करता येईल.

आणि खाणपट्टा. आम्ही तिथलेच, त्यामुळे यावर बोलायला लागले तर पत्र संपणार नाही, थोडक्यात घेते. २०१२ च्या सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. मग परत सुरू. २०१७ मध्ये सोनशी गावचे लोक खनिज नेणाऱ्या टिप्परांच्या धुळीविरुद्ध रस्त्यावर बसले आणि कोठडीत गेले. २०१८ च्या मार्चपासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद. मग लॉकडाऊन, गाड्याच नाहीत. २०२४ पासून आमच्या डिचोलीत खाण पुन्हा चालू. कुठल्याही शास्त्रज्ञाला असला प्रयोग करायची परवानगी कधी मिळणार नाही, सगळी धूळ बंद कर, चालू कर, बंद कर, चालू कर, आणि इथे आयता झाला, तोही दोनदा-तीनदा. आमच्या गावात त्या सगळ्या काळात कुणी एक चिमूट शेवाळ खरवडून ठेवलं नाही. मीपण नाही. मी तेव्हा पोर्शन संपवत होते.

म्हणून गेल्या वर्षी विचार केला की आपल्यापुरतं तरी करून बघू. बारावीची सहा मुलं घेतली, रविवारी. एक जागा टिप्परच्या रस्त्याला लागून असलेला गडगा, दुसरी जागा माझ्या काकांचं कुळागर, रस्त्यापासून चांगलं आत, झऱ्याकाठी, सुपारीची दाट सावली, तिथे माणूसपण क्वचित जातो. मनात म्हटलं एक घाण जागा, एक स्वच्छ जागा, फरक दिसेल. हातमोजे घातले, स्टीलची चिमटी नको म्हणून प्लास्टिकची घेतली, कागदी पाकिटं, वर पेन्सिलीने जागा आणि तारीख. गडग्यावरचं शेवाळ बहुतेक हायोफिला नावाचं होतं, उन्हाने सुकून काळपट झालेलं, पानं आत वळून सुतळीच्या गाठीसारखी. भिंगाखाली ठेवून ड्रॉपरने एक थेंब पाणी सोडलं आणि मुलांना म्हटलं बघत राहा. मिनिटभरात एकेक पान उलगडत गेलं, हिरवं झालं, चांदणीसारखं पसरलं. सहाही जण गप्प. माझ्या वर्गात इतकी शांतता वीस वर्षांत झाली नव्हती.

मग थोडं शेवाळ पांढऱ्या वाडग्यात खळबळलं. एक मुलगा ओरडला, "टीचर, उदक तांबडें जालें!" तळाशी कुंकवासारखा गाळ बसला. मुलं खूश, पुरावा मिळाला म्हणून. मी त्यांना म्हटलं, अरे हे लोखंड आहे, आपली माती लोखंडाचीच, चिरा लोखंडाचा, खाण नसती तरी थोडं तांबडं झालंच असतं. आपल्याला बघायचंय ते डोळ्याला दिसणार नाही.

संध्याकाळी काकांकडे चहाला थांबलो आणि मी मोठ्या ऐटीत त्यांना सांगत होते की तुमचं कुळागर म्हणजे आमचा स्वच्छ नमुना. काका बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "अगो, पण मी मृगात सुपारीच्या माडीवर मोरचूद मारलंय, कोळेरोग नको म्हणून. दर साल मारतो. माझ्या वडलांपासून." मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण, म्हणजे तांबंच तांबं. माझं ते स्वच्छ शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या तांब्याने आंघोळ करत होतं. बॉटनीची टीचर, आणि सुपारीच्या बागेत फवारणी होते हे विसरले. मुलं आठवडाभर हसली.

पण या हसण्यातून एक वही तयार झाली, ती मी तुम्हाला फुकट द्यायला तयार आहे, कारण युरोपच्या मॅन्युअलमध्ये हे नाही. त्यांचं मॅन्युअल चांगलं आहे, मोठ्या रस्त्यापासून आणि वस्तीपासून निदान ३०० मीटर लांब जा, छोट्या रस्त्यापासून १०० मीटर, झाडाच्या फांद्यांखालचं घेऊ नका कारण पानांवरून गळणारं पाणी वेगळं असतं, ५० बाय ५० मीटरच्या तुकड्यात पाच ते दहा ठिकाणी थोडं थोडं घ्या आणि एकत्र करा, हे सगळं ठीक. पण त्यांना पत्र्याच्या पागोळ्या माहीत नाहीत, आपल्याकडे अर्ध्या गडग्यांवर शेजारच्या पत्र्याचं पाणी पडतं आणि पत्र्यावरचं जस्त खाली उतरतं. घुमटीजवळचं शेवाळ घ्यायचं नाही, कारण देवाला लावतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. कुळागर नको, मोरचूद. काजूच्या बागेत फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय नको. वेल्डिंगवाल्याच्या मागे नको. आणि कुणा बाईने सकाळी शेंदूर लावलेल्या बोटांनी पाकीट भरू नये, हे मी माझ्याच एका विद्यार्थिनीला सांगितलं तर तिने मला वेड्यात काढलं.

खरी अडचण मात्र पावसाची आहे, आणि यावर मला तुमच्या शास्त्रज्ञांशी तासभर भांडायला आवडेल. स्वीडनमध्ये शेवाळ वर्षभर ओलंहिरवं, तीन वर्षांची वाढ कापून घेतात आणि तीन वर्षांची सरासरी मिळते. इथे आपण पाऊस इंचात मोजतो, सव्वाशे इंच झाला की यंदा बरा झाला म्हणतो, तो सगळा चार महिन्यांत आणि मग आठ महिने ठणठणीत. धूळ कधी उडते? ऑक्टोबर ते मे. शेवाळ कधी वाढतं? जून ते सप्टेंबर. म्हणजे धूळ असते तेव्हा वही मिटलेली आणि वही उघडी असते तेव्हा हवा दर्यावरून धुतलेली येते, खाणीचा माल पण बंद, बार्ज पण बंद. फक्त चवथीनंतर जाऊन हिरवं हिरवं गोळा केलं आणि गोवा स्वच्छ आहे असा रिपोर्ट काढला तर तो खोटा नसेल, पण अर्धा असेल. म्हणून दोनदा घ्या. एकदा मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत, तो सुकलेला पापुद्रा, त्याच्यावर सगळा उन्हाळा बसलेला असतो. आणि एकदा ऑक्टोबरात.

जिथे उन्हाळ्यात शेवाळ उरतच नाही, म्हणजे वास्को-पणजीसारख्या जागी, तिथे पिशव्या टांगा. ही पण जुनी युक्ती आहे, वेल्समधल्या स्वान्झीत, जिथे धातू वितळवायचे कारखाने होते, तिथे गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी वापरलेली, १९७१ ची. एकाच ठिकाणचं स्वच्छ शेवाळ आणायचं, आम्लाने धुवायचं, नायलॉनच्या जाळीत भरून खांबांवर टांगायचं आणि ठराविक आठवड्यांनी काढून मोजायचं, सुरुवातीला किती आणि शेवटी किती. सगळ्या जागी एकच जात, एकाच दिवशी टांगलेली, त्यामुळे जात वेगळी म्हणून आकडा वेगळा ही कटकट नाही. आमच्याकडे उत्तरेला कुमाऊंच्या डोंगरात नैनितालकडे शेवाळावर असं काम झालंय, म्हणजे भारतात होत नाही असंही कुणी म्हणू नये.

तांबड्या मातीचं पण उत्तर आहे. लोखंड, ॲल्युमिनियम, क्रोमियम, थोडं मँगनीज आपल्या मातीतच भरपूर, त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरायचं नाही आणि कुणावर आरोपही करायचा नाही. त्याच जागेची माती घ्यायची, ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढायचं, शेवाळात ते मातीपेक्षा किती पटीने वर गेलंय ते बघायचं. कॅडमियम मातीच्या दहापट निघालं तर ते मातीचं नाही, कुठून तरी आलंय. सांगे-रिवणकडे मँगनीजच्या खाणी होत्या, तिथे हिशोब वेगळा लागणार. किनाऱ्यावर मिठाचं सोडियम शेवाळातल्या जागा अडवून बसतं, तोही हिशोब धरायचा. आणि मूळ पातळी म्हणून मोले आणि नेत्रावळीच्या अगदी आतल्या जंगलातलं शेवाळ, रेल्वे लाइनपासून लांब, कारण त्या लाइनवरून कोळशाचे वॅगन जातात, आणि अनमोड घाटातल्या ब्रेक मारत उतरणाऱ्या ट्रकांपासूनही लांब, ब्रेकच्या झिजेतून तांबं आणि अँटिमनी पडतं.

किती नमुने? युरोपच्या मॅन्युअलप्रमाणे १००० चौरस किलोमीटरला निदान दीड, म्हणजे आपल्या ३७०२ ला पाच-सहा पाकिटं, काम संपलं. तसं करू नका. आपल्याकडे १९१ ग्रामपंचायती आहेत, एका पंचायतीला एक, शिवाय नगरपालिका, शिवाय जंगलातल्या काही जागा. वर्षाला दोनदा म्हटलं तरी चारेकशे नमुने. प्रत्येक पंचायतीत कायद्याने जैवविविधता समिती आहे, तिला वर्षातून एकदा तरी शेवाळ बघायला लावा, आणि शाळा आहेतच. अमेरिकेत सिएटलला २०१९ मध्ये कारखान्यांच्या भागातल्या शाळकरी मुलांनीच हे नमुने गोळा केले होते, नीट शिकवून घेतलं तर मुलं हे आपल्यापेक्षा शिस्तीत करतात, त्यांना घाई नसते.

मोजायचं कुठे हा प्रश्न गोव्यात तरी कुणी विचारू नये. दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था, ताळगाव पठारावर विद्यापीठ, वास्कोजवळ सड्यावर अंटार्क्टिकाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था. त्या सड्याच्या खालीच मुरगाव बंदर आहे, आणि अंटार्क्टिकात आपलं मैत्री स्टेशन आहे त्या भागातल्या खडकांवरसुद्धा शेवाळ उगवतं. इतक्या लांब जाणारी माणसं सडा उतरून दोन किलोमीटर येणार नाहीत असं मला वाटत नाही, कुणीतरी रीतसर बोलवायला हवं. आमच्यासारख्यांनी बोलावून होत नाही. मी एका खासगी लॅबमध्ये फोन केला होता, नाव जाऊ दे, तिथल्या मुलीने विचारलं सॅम्पल कसलं, म्हटलं शेवाळ. ती म्हणाली फॉर्ममध्ये पाणी, माती, अन्न आणि तेल एवढेच ऑप्शन आहेत, शेवाळ खायचं आहे का? म्हटलं नाही. मग अन्नात घालता येणार नाही म्हणाली. एका नमुन्यात आठ धातू मोजायचे त्यांनी जे पैसे सांगितले त्यात आमच्या लॅबची वर्षाची काचेची भांडी येतात, म्हणून ती पाकिटं तशीच राहिली.

तुमचं उत्तर काय येईल ते पण मला माहीत आहे, आणि ते चुकीचं नाही. कायद्याचं मानक मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, शेवाळाचा आकडा मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये, एकाचं दुसऱ्यात रूपांतर सरळ होत नाही, कोर्टात टिकणार नाही. कबूल. शेवाळावरून कुणाला नोटीस काढा असं मी म्हणतच नाही. पण हवा मोजायचं ॲम्बियंट मशीन कुठे लावायचं हे आज ठरतं ते वीज कुठे आहे, गच्ची कुणाची आहे, चावी कुणाकडे असते यावरून. माझं म्हणणं एवढंच की त्या यादीत आणखी एक गोष्ट घाला, नकाशावर डाग कुठे आहे. डाग असेल तिथे तुमचं एक मशीन सहा महिने नेऊन ठेवा, त्यात फिल्टरवर कॅडमियम पण मोजा, मानक असो नसो. डाग नसेल तर तेही छापा. वास्कोच्या माणसाला आपल्याकडे फक्त धूळ आहे, विष नाही, हे कळलं तरी त्याला बरंच वाटेल ना.

आणि नकाशा आला की त्यात आपण सगळेच सापडणार याची तयारी ठेवा. दर दिवाळीला पहाटे गावोगाव नरकासुराचे पुतळे जाळतात, त्यात टायर असतात, थर्माकोल असतो, रंग असतो, वर फटाके. हिरव्या फटाक्याचा रंग बेरियमचा, लालचा स्ट्राँशियमचा, शेवाळाला दोन्ही कळतात. ऑक्टोबरचं पाकीट दिवाळीच्या आधी घेतलं की नंतर यावरून निकाल फिरेल, आणि आमच्या वाड्यावरचा नरकासुर दर वर्षी स्पर्धेत पहिल्या तीनात असतो म्हणून मी हे दबक्या आवाजात लिहितेय. पण लिहितेय. पंचायत कचरा जाळते, तेही दिसेल, पंचसाहेबांना आधी सांगून ठेवा.

मे महिन्याला अजून वेळ आहे. जागा निवडणं, मुलांना शिकवणं, पाकिटं छापणं हे सगळं तोवर होतं. डिचोली आणि सत्तरी तालुक्याचं शिकवायचं काम मी करते, मानधन नको, प्लास्टिकच्या चिमट्या तेवढ्या तुम्ही द्या, शाळेच्या फंडातून मागितल्या की हेडमास्तर कसल्या चिमट्या म्हणून विचारतात.

माझ्याकडे आत्ता चौदा पाकिटं आहेत, बुटांच्या खोक्यात, सुकवून, जागा आणि तारीख घालून, पावसाळी दमट लागू नये म्हणून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवली होती ती सासूने दोनदा बाहेर टाकायला काढली. त्यातली तीन टिप्परच्या रस्त्यावरची, दोन मावशीच्या कंपाउंडवरची, एक काकांच्या कुळागरातलं, ते पण मोजा, तांबं किती निघतं ते मला आणि काकांना दोघांनाही बघायचंय. माणूस पाठवणार असाल तर कुठल्याही दिवशी चार वाजल्यानंतर पाठवा, फक्त चवथीच्या आठवड्यात नको, त्या वेळी घरात खोकं कुठे आहे ते मला पण माहीत नसतं.

आपली,
एक बॉटनीची शिक्षिका,
डिचोली तालुका